रामाजी उंदिरवाडे यांचं सागवान

रामाजी उंदिरवाडे यांनी सगळी नोकरी उभ्यानं केली. एसटीचे कंडक्टर. चंद्रपूर-गडचिरोली, चंद्रपूर-अहेरी, मधूनच सिरोंच्याची लांब गाडी. बसच्या हलत्या जमिनीवर त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या जमिनीनं त्यांच्या टाचा खाल्ल्या. रिटायर होऊन ते पिपरटोल्याला आपल्या घरी कायमचे राहायला आले, तेव्हा सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना असे कण्हायचे की समोर माझ्या शिलाईच्या दुकानात मशीन चालू असली तरी मला ऐकू यायचं.

डॉक्टरांनी सांगितलं, कडक फरशीवर अनवाणी चालू नका, घरात मऊ चप्पल घाला. आता रामाजींच्या पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. त्या खोलीत चप्पल घालायला ते मरेपर्यंत तयार होणार नव्हते. आणि त्या खोलीतून गेल्याशिवाय घरात कुठंच जाता येत नव्हतं.

"मंग काय हवेत चालता का?" त्यांच्या पत्नी सरिताबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीत शिकवतात, त्यामुळे नवऱ्याशीही त्या जरा समजावून सांगितल्यासारखंच बोलतात.

"चप्पल नाई घालत. जमीनच मऊ करतो," रामाजी म्हणाले.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. ते चंद्रपूरला बाबूभाईंच्या दुकानात गेले. मीही अस्तराचं कापड आणायला निघालो होतो, म्हणून सोबत गेलो. बाबूभाईंचं दुकान पडदे, पायपुसणी, भिंतीचे कागद आणि जमिनीवर टाकायच्या पट्ट्या यांचं. बाबूभाई स्वतः गोरेगोमटे, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि गिऱ्हाईक बसण्याआधी चहा सांगणारे.

"टाचेसाठी ना रामाजी भाऊ? मंग विनाइल घ्या. टाइल्स तो दुश्मन है पाय की," असं म्हणून त्यांनी तीन नमुने समोर टाकले. पहिला सतरंजीसारखा गुंडाळलेला. "ये रोल. कैचीनं कापा, पसरवा, झालं. स्वस्त, पण लवकर फाटते." दुसरा चौकोनी, मागून चिकट. "ये चिपकाने का. जमीन ओली असली की कोपरे उचलते." तिसरा म्हणजे लांब पट्ट्या, लाकडी फळीसारख्या. "अन् ये असली माल. पट्टीत पट्टी अडकते, खिळा नाई, गोंद नाई. पाणी पडलं तरी पट्टी फुगत नाई, उधळी-वाळवी लागत नाई."

रामाजींनी पट्टी हातात घेतली. वर सागवानाच्या रेषा, गाठीसुद्धा जागच्या जागी.

"हे लाकूड आहे?"

"फोटो आहे. खाली प्लास्टिक, त्याच्यावर लाकडाचा फोटो, अन् फोटोवर काचेसारखा थर. सगळी जान त्या वरच्या थरात. तो घासला गेला की फोटो गेला, फोटो गेला की इज्जत गेली."

मग बाबूभाईंनी दोन गोष्टी बजावल्या. खालची जमीन सपाट आणि कोरडी पाहिजे, नाहीतर खालचा खड्डा वर दिसतो आणि खालची ओल आतच कोंडते. आणि भिंतीपासून बोटभर फट सोडायची. "अपने इथी उन्हाळा कसा असते ते माहीत आहे ना? गरमीत हे पसरते. जागा नाई भेटली तर वर उठते. फटीवर पट्टी मारून देतो, कोणाले दिसत नाई."

रामाजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मान डोलावली. फटीला मात्र नाही म्हणाले.

"एवढं चांगलं काम करायचं अन् कडेनं प्लास्टिकची पट्टी? लोकं काय म्हनतीन?"

"पुढं मले काही म्हणू नका," बाबूभाई म्हणाले, आणि त्यांनी दुसरा चहा सांगितला. दुकानदार गिऱ्हाइकाला एकदाच शहाणं करतो. दुसऱ्यांदा करायला गेला तर माल परत जातो.

बाबूभाईंच्या माणसांनी येऊन जमीन घातली. पुढच्या आणि आतल्या खोलीत जुन्या सिमेंटच्या फरशीवर फोमचा पातळ थर, त्यावर पट्ट्या, भिंतीला भिडवून. संध्याकाळी रामाजी त्यावर अनवाणी चालले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत, पुन्हा. टाच टेकली तरी कण्हले नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी बघतच राहिलो. माणूस आपल्या घरात सुखानं चालतो आहे, हे बघणं मोठं समाधानाचं असतं.

तिथंच हे थांबायला हवं होतं.

पण जमीन झाली म्हणून घरी बुद्धवंदना ठेवली. भंतेजी आले, पाहुणे आले, आणि नागपूरहून रामाजींचे साडू हेमराज रामटेके आले. हेमराज बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. त्यांच्या घरात संगमरवर आहे आणि तो कोणत्या देशाचा आहे हे ते जेवताना सांगतात. गेल्या कित्येक वर्षांत रामाजींच्या घरी येऊन त्यांनी कशाला चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही. वरणाला पातळ म्हणायचे, पंख्याला हळू म्हणायचे, पिपरटोल्याला लांब म्हणायचे.

हेमराज दारात आले, बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि थांबले. खाली बघत राहिले. मग वाकून हात फिरवला.

"रामाजी," ते हळूच म्हणाले, "सागवान?"

मी रामाजींच्या शेजारी उभा होतो. त्यांनी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण हेमराज रामटेके आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर गप्प उभे होते. त्या शांततेची किंमत त्या क्षणाला फार होती.

"आलापल्लीचं," रामाजी म्हणाले.

आता आमच्या भागाबद्दल बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. इकडं आलापल्लीला सागवानाची जंगलं आहेत, डेपो आहेत, लिलाव आहेत, आणि सागवान घेऊन जाणारे ट्रक आमच्याच रस्त्यानं जातात. पण आमच्या घरात सागवान म्हणजे फार तर दाराची चौकट. जंगलाशेजारी राहणारा माणूस सागवान बघतो तो दुसऱ्याच्या ट्रकमध्ये. त्यामुळे सागवानाची अख्खी जमीन ही बातमी गावात कशी फिरली असेल, ते समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी लोक बघायला यायला लागले. चपला ओट्याच्या खालीच काढायचे. कोणी विचारलं की रामाजी आधी थोडं थांबायचे, मग एकेक तपशील वाढवायचे. लिलावात घेतलं. जुना माल आहे. आताच्या झाडांना असा रंग येत नाही. शेजारच्या वच्छलाबाई रोज दुपारी येऊन नुसत्या बसायच्या. म्हणायच्या, "लाकडाचा गारवा काही अलगच असते." सरिताबाई आतून भांडी जोरात आपटायच्या.

"काऊन खोटं बोलून राह्यले?" एकदा त्यांनी माझ्यादेखतच विचारलं.

"मी कुठी बोलून राह्यलो? लोकच बोलतेत. मी फक्त नाई म्हणत नाई."

मग गावातल्या कोणीतरी फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पिपरटोल्याची शान, उंदिरवाडे साहेबांचा सागवानी महाल'. लोकांनी अंगठे पाठवले, फुलं पाठवली. फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि फिरत फिरत जिथं जायला नको होता तिथं गेला.

एका सकाळी वनखात्याची जीप रामाजींच्या दारात उभी राहिली. वनपाल गुरनुले साहेब उतरले, सोबत जंगू नावाचा वनरक्षक आणि हातात टेप. तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं.

"उंदिरवाडे तुम्हीच? लाकडाचा वाहतूक पास दाखवा. अन् लिलावात घेतलं म्हणता, तर त्याची पावती."

रामाजींनी गर्दीकडं पाहिलं. "साहेब, जरा आत येता? खासगी बोलायचं आहे."

साहेबांना वाटलं, हा माणूस काहीतरी देऊ करतो आहे. ते मोठ्यानं म्हणाले, "जे बोलायचं ते इथंच बोला."

ओट्यावर गाव उभं. शेजारच्या खिडकीत वच्छलाबाई. रामाजींनी आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज काढला होता. त्या दिवशी तो आवाज त्यांच्या ओठांच्या बाहेर येईना.

"साहेब, हे... खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"सागवान."

सरिताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पिलास्टिक आहे जी ते! मी रोज पोछा मारते, मले माहीत नाई का?"

गुरनुले साहेब हसत उंबऱ्याच्या आत आले. वाकले, बोटानं ठोकलं, नाक जवळ नेलं, एका गाठीवर नख फिरवलं. "बाई, माझी अख्खी नोकरी सागवानात गेली. हा गाभ्याचा माल आहे. ही रेषा बघा. ही गाठ बघा. हे प्लास्टिकमध्ये येते? काय जंगू?"

"नाई येत साहेब," जंगू म्हणाला. साहेबांनी विचारलं की तो नेहमी साहेबांसारखंच म्हणायचा.

"वास नाई येत ना पण," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"पॉलिश केलं आहे म्हणून," साहेब म्हणाले.

मग पंचनामा झाला. पंच म्हणून मी आणि वच्छलाबाई. साहेबांनी टेप लावून दोन्ही खोल्यांची लांबी-रुंदी घेतली आणि सागवानाचे किती घनमीटर होतात याचा हिशेब जंगूला सांगितला. नमुना म्हणून दिवाणाखालची एक पट्टी उचलायची ठरली. जंगूनं सुरा घालून ती ओढली. पट्टी मधेच मोडली आणि खालची राखाडी बाजू वर आली. शाळेच्या पाटीसारखी, गुळगुळीत. सगळ्या गावानं ती पाहिली.

मला वाटलं, सुटले रामाजी.

गुरनुले साहेबांनी तुकडा उलटसुलट केला. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. जीप आली होती, पंच बसले होते, गाव बघत होतं. एवढं सगळं झाल्यावर परत जाणं माणसाला फार जड जातं, आणि अधिकारी असला तर आणखी जड.

"खाली काहीतरी रबर लावलं आहे," ते म्हणाले. "वर सागवानाचा पातळ थर आहे. लपवायचा नवा प्रकार असू शकते. नमुना तपासणीला पाठवू."

बाबूभाईंना फोन करून बोलावलं. ते दुपारी मालाचा रिकामा खोका घेऊन आले. त्यांना वाटलं होतं, खोका दाखवला की काम मिटेल. खोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'ओरिजिनल रॉयल टीक', म्हणजे अस्सल शाही सागवान.

साहेबांनी बोट ठेवलं. "हे काय?"

"साहेब, ते तर नाव आहे! मोतीचूर लाडूत मोती असते का?"

साहेबांनी तेही जबाबात लिहून घ्यायला सांगितलं. शेवटी सुपूर्तनामा झाला. म्हणजे रामाजींची जमीन सरकारनं जप्त केली आणि सांभाळायला रामाजींच्याच ताब्यात दिली. तिच्यावर चालायची परवानगी होती. पण निकाल येईपर्यंत तिच्यात कोणताही फेरफार करायचा नाही, पट्टी हलवायची नाही, काही ठोकायचं नाही, असं लिहून त्याखाली रामाजींची सही घेतली.

मला वाटलं होतं, आता रामाजींची गावात काही किंमत राहणार नाही. माझा अंदाज साफ चुकला. संध्याकाळीच चावडीवर लोक म्हणायला लागले, "मानलं बापा रामाजी भाऊले! साहेबाच्या तोंडावर सागवानाले पिलास्टिक म्हणून सांगतलं, अन् वरून बाई बी तेच बोलली!" राखाडी बाजू सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तरी कोणाचा विश्वास नव्हता. वनखात्याची जीप आली म्हणजे आत काहीतरी खरं असणारच, असं लोकांचं म्हणणं होतं. खात्याचा एवढा मान मी याआधी पाहिला नव्हता.

वच्छलाबाई, पंच असूनसुद्धा, डोळा बारीक करून म्हणाल्या, "आमच्यापाशी नका लपवू जी. आमी कोणाले सांगत नाई."

"बाई, खरंच पिलास्टिक आहे!" रामाजी आता जिवाच्या आकांतानं म्हणायचे. "बाबूभाईच्या दुकानात या, दाखवतो!"

"हो हो," वच्छलाबाई म्हणायच्या, आणि पायाखालचं लाकूड मायेनं बघायच्या.

खोटं सांगितलं तेव्हा लोकांनी लगेच मानलं होतं. आता खरं सांगायला जीव तोडावा लागत होता आणि तरी ते कोणी घेत नव्हतं. रामाजी चहाला माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. आपल्या घरात पाहुण्यांसमोर बसण्याची त्यांना लाज वाटायची.

"मले फक्त टाचेले मऊ पाह्यजे होतं गा," एकदा ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसून म्हणाले. एवढंच. मी त्यांना दुसरा चहा दिला.

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे महिना काय असतो ते सांगून समजत नाही. पारा सत्तेचाळीसच्या वर गेला, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, आणि पुढच्या खोलीत दुपारचं ऊन दारातून सरळ आत येऊन पट्ट्यांवर पडायला लागलं. पट्ट्यांना पसरायचं होतं. चारही बाजूंनी भिंत. जागा कुठंच नाही.

एका दुपारी घरातून ठाप असा आवाज आला. मी धावत गेलो. खोलीच्या मधोमध जमीन वर उठली होती, रस्त्यावरच्या गतिरोधकासारखी. दिवाण एका बाजूला कलला होता. सरिताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि रामाजी गुडघ्यावर बसून तो उंचवटा दोन्ही हातांनी खाली दाबत होते. इकडं दाबला की तिकडं उठायचा.

"बोटभर फट," मी म्हणालो.

"माहीत आहे मले," ते म्हणाले.

काम अर्ध्या दिवसाचं. कडेच्या पट्ट्या काढायच्या, थोड्या कापायच्या, परत बसवायच्या. बाबूभाई फुकट माणूस पाठवायला तयार होते. पण जमीन सरकारजमा. रामाजी वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेले. तिथं सांगितलं, प्रकरण प्रलंबित आहे, मुद्देमालाला हात लावता येणार नाही. रामाजींनी विचारलं, मुद्देमाल स्वतःहून उठला तर? तिथल्या कारकुनानं सांगितलं, तसा अर्ज द्या. रामाजींनी अर्ज दिला. उत्तर आलं, अर्ज तपासणी अहवालासोबत विचारात घेतला जाईल.

तोवर तांदळाचं पोतं त्या उंचवट्यावर ठेवलं. बुद्धाची मूर्ती दुसऱ्या खोलीत हलवली. खिडकीतल्या कूलरचं पाणी गळायचं, ते पट्ट्यांच्या उघड्या सांध्यातून खाली जायचं आणि आतून कुबट वास यायचा. लोक पुन्हा बघायला यायला लागले. कोणीतरी तज्ज्ञासारखं म्हणालं, "अस्सल सागवान आहे ना, उन्हात श्वास घेते." रामाजी त्याच्या अंगावर धावून गेले.

पावसाळा लागल्यावर अहवाल आला. गुरनुले साहेब स्वतः घेऊन आले. जीपनं नाही, मोटारसायकलवर, साध्या कपड्यांत. नमुना लाकूड नसून कृत्रिम पदार्थ आहे, सबब प्रकरण बंद. साहेबांनी कागद दिला, पण लगेच निघाले नाहीत. उंचवट्याभोवती एक चक्कर मारली.

"हे कुठी घेतलं म्हणाले होते तुम्ही?"

"चंद्रपूरले. बाबूभाईंकडे."

"आमच्या क्वार्टरची जमीन फार खराब आहे हो," साहेब खाली बघत म्हणाले. "बायको मागं लागली आहे. भिंतीपाशी फट किती ठेवायची?"

"बोटभर," सरिताबाई आतूनच म्हणाल्या. "अन् कूलर दूर ठेवा म्हणा."

साहेबांना त्या दिवशी चहा मिळाला, पण कपबशी पाहुण्यांची नव्हती, रोजची साधी होती.

दुसऱ्याच दिवशी बाबूभाईंची माणसं आली. सगळ्या पट्ट्या काढल्या तेव्हा खालच्या सिमेंटवर काळी बुरशी धरली होती. आठवडाभर जमीन उघडी ठेवून वाळवली, घासली, खड्डे भरले. मग पट्ट्या परत घातल्या, या वेळी कडेनं फट ठेवून आणि वर प्लास्टिकची पट्टी मारून. काही पट्ट्या खराब झाल्या होत्या, म्हणून आतली खोली तशीच सिमेंटची राहिली. सरिताबाईंना तेच बरं वाटलं. उन्हाळ्यात सिमेंटवर पाणी मारून पडता येतं, हे त्या कोणालाही ऐकवतात.

राहता राहिले हेमराज. ते दिवाळीनंतर आले. बूट काढले आणि खोलीत पाऊल टाकणार, तोच रामाजी म्हणाले, "हेमराज, थांब. आधी ऐक. हे सागवान नाई. पिलास्टिक आहे. त्या दिवशी मी खोटं सांगतलं."

हेमराज दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस हसेल आणि सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटेल. पण त्यांचा चेहरा उतरला.

"अरे, मी अख्ख्या कॉलनीत सांगून बसलो," ते म्हणाले. "माझ्या साडूकडं आलापल्लीच्या सागवानाची जमीन आहे म्हणून. पुढच्या महिन्यात दोघं जण बघायला येणार आहेत."

"येऊ दे."

"अन् त्यांना काय सांगू?"

"पिलास्टिक आहे म्हणून सांग."

"असं कसं सांगू रामाजी? माझी काही इज्जत आहे का नाही?"

रामाजींनी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं. दोघं त्या जमिनीवर उभे राहिले. हेमराजही आता वयानं वाकले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दिसलं की तेही पाय जरा जपून टाकतात.

"तुझ्या टाचा दुखतात का गा?" रामाजींनी विचारलं.

हेमराजांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी उठल्यावर फार. संगमरवर गार असतो ना."

"चाल इथी थोडं," रामाजी म्हणाले. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

आणि हेमराज रामटेके चालायला लागले.